जिवंत किती?

जानेवारीत मावसभावाच्या साक्षगंधाला चंद्रपूरला गेले होते. जेवणं आटोपलेली, मंडपवाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या ओढून लोकं उन्हात बसलेली, मागून भांडी घासायचा आवाज, आणि नवरीकडचा एक कॉलेजातला पोरगा फोनवरून बातम्या वाचून दाखवत होता. प्रजासत्ताक दिनाचे दिवस, त्यामुळे पद्म कोणाला, शौर्यचक्र कोणाला असं करत करत तो जीवन रक्षा पदकांच्या यादीवर आला. बुडणाऱ्याला काढलं, आगीत शिरून बाहेर आणलं, अशांची नावं. तेवढ्यात कोणीतरी कौतुकानं म्हणालं, अरे आमचे मामाजीपण रेस्क्यूत होते ना, कोळशाच्या खाणीत. पोराचे डोळे मोठे झाले. "हो? मग तुम्ही किती लोकं वाचवले?" त्याच्या विचारण्यात वावगं काही नव्हतं, कोणीही हेच विचारलं असतं. मामाजी सुपारी कातरत होते. कातरता कातरताच म्हणाले, "जिवंत? जिवंत तर एक बी नाही." आणि शेजारच्याला विचारायला लागले की परतीची ट्रॅव्हल्स किती वाजता आहे.

पोरगा गप्प झाला, गप्पा वांग्याच्या भाजीवर गेल्या. मला मात्र ते उत्तर चावत राहिलं. मामाजींच्या आवाजात दुःख असतं तर एक वेळ मी ते समजून घेऊन सोडून दिलं असतं. ते हिशोब सांगावा तसं बोलले होते. आयुष्याची उमेदीची वर्षं ज्या माणसानं पाठीवर ऑक्सिजनचं मशीन लावून विषारी गॅसमध्ये जाण्यात घालवली त्याला कोणी एका आकड्यात त्याचं काम विचारलं आणि तो आकडा शून्य निघाला, आणि हे त्याला मान्य आहे असं वाटलं मला. मला ते मान्य नव्हतं, अजूनही नाही, म्हणून हे लिहायला बसले.

लहानपणीच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या मामाजींच्या कोलियरीच्या, म्हणजे कोळशाच्या खाणीच्या, क्वार्टरमध्ये गेल्या. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर संध्याकाळपर्यंत बारीक काळी भुकटी बसलेली असायची, मामी ते झटकून झटकून घडी करायची. पाळीचा भोंगा, कूलरच्या ओल्या गवताचा वास, नळाला पाणी आलं की सगळ्या लाइनीत एकदम उठणारा बादल्यांचा आवाज. मामाजी ओव्हरमन होते. म्हणजे त्यांचं रोजचं काम वेगळंच, माणसं लावायची, छत ठोकून बघायचं, गॅस तपासायचा, पाळी संपली की रिपोर्ट लिहायचा. रेस्क्यू हे त्याच्या वरचं. बाहेरच्या लोकांना वाटतं की खाणीत फायर ब्रिगेडसारखी वेगळी फौज बसलेली असते. रेस्क्यू स्टेशनवर कायमची माणसं असतात, पण ती थोडी. बाकीचे सगळे खाणीतलेच, कोणी फिटर, कोणी मायनिंग सरदार, कोणी ओव्हरमन, ज्यांनी आपणहून नाव दिलं, मेडिकल पास केलं, ट्रेनिंग केलं आणि मग वर्षानुवर्षं ठरलेल्या दिवशी प्रॅक्टिसला जात राहिले. "रेस्क्यू ट्रेन्ड" असा शब्द आहे तिकडे, डिग्रीसारखा नावाच्या मागे लावतात. मामाजी प्रॅक्टिसहून यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला रबराचा वास असायचा आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना चिमट्याचे लाल वण. मामी आधी पाणी द्यायची, मग अजून पाणी, मग लिंबाचं सरबत, मग कुठे ते बोलायला लागायचे.

कधीकधी प्रॅक्टिसचा दिवस नसताना जीप यायची. जीपवाला दारात उतरायचा नाही, नुसता हॉर्न. मामाजी निघाले की मामी पायात चपला सरकवून शेजारच्या क्वार्टरमध्ये जायची, त्या काकूंचा नवरा त्याच टीममध्ये, आणि दोघी चालत चालत लॅम्प रूमपर्यंत जायच्या. खाणीत उतरणारा प्रत्येक माणूस टोकन देऊन दिवा घेतो, वर आला की दिवा देऊन टोकन परत घेतो, त्यामुळे आत कोण आहे हे त्या बोर्डाकडे बघितलं की कळतं. मी एकदा मामीचं बोट धरून गेले होते. लोखंडी जाळीच्या पलीकडे ते पितळेचे बिल्ले लटकत होते, प्रत्येकावर नंबर, आणि मामी मान वर करून बोर्ड वाचत होती, एस्टी स्टँडवर लोकं गाड्यांच्या वेळा वाचतात तसा, ओळ न चुकवता.

आता त्या मशीनविषयी थोडं सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. पाठीवर घ्यायचं ते यंत्र साधारण 15 किलोचं. बाहेरची हवा त्यात येतच नाही, कारण बाहेरच्या हवेतच मरण असतं. आपणच सोडलेला श्वास एका डब्यातून फिरतो, डब्यातलं सोडा लाइम त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, सिलिंडरमधला थोडा ऑक्सिजन त्यात मिसळतो आणि तोच श्वास आपल्याकडे परत येतो. सोडा लाइम काम करायला लागलं की तापतं, म्हणून श्वास गरम गरम होत जातो. हल्लीच्या मशीनमध्ये बर्फ ठेवायची सोय आहे आणि तोंडभर मास्क असतो, 4 तास चालतं ते. मामाजी शिकले तेव्हा दातांत रबराचा माऊथपीस धरायचा आणि नाक चिमट्यानं बंद. तोंड उघडायचं नाही म्हणजे नाहीच, लाळ गळली तरी नाही, खोकला आला तरी नाही. बोलता येत नाही म्हणून हॉर्नच्या खुणा. पुढे जा, थांबा, परत फिरा, मला त्रास होतोय, सगळं हॉर्नवर. आणि हे सगळं लावून नुसतं उभं राहायचं नसतं. ट्रेनिंगच्या गॅलरीत, म्हणजे खाणीतल्यासारख्या अरुंद बोगद्यात, धूर करून, उष्णता आणि ओल वाढवून, त्या अंधारात विटा वाहायला लावतात, लाकडाचे टेके उभे करायला लावतात, स्ट्रेचरवर माणूस घालून अरुंद भोकातून रांगायला लावतात. पूर्वी टीमबरोबर पिंजऱ्यात मुनिया नेत असत. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट धरतो, आणि माणसाला नुसतं जरा डोकं जड झाल्यासारखं वाटत असतं तोवर पाखरू दांडीवरून खाली पडलेलं असतं. मामाजींना मुनियांचा फार लळा होता असं मामी सांगते, स्टेशनला जाताना राळ्याची पुडी घेऊन जायचे.

आमच्याकडच्या, म्हणजे वर्धा खोऱ्यातल्या कोळशाची एक खोड आहे. तो आपोआप तापतो. काडी लावायला लागत नाही. कोळसा काढून झालेला भाग मागे सोडून देतात, गोफ म्हणतात त्याला, तिथे राहिलेला चुरा हवेशी हळूहळू खेळत बसतो, तापतो, आणि एक दिवस धुमसायला लागतो. आधी छताला घाम फुटल्यासारखं पाणी धरतं, हवेत दमट धुकं, मग रॉकेलसारखा एक वास. जुनी माणसं नाकानं ओळखतात. मग त्या भागाकडे जाणाऱ्या सगळ्या वाटा विटांच्या भिंती घालून बंद करायच्या, आतला ऑक्सिजन संपला की आग मरते. ऐकायला गवंडीकाम आहे. पण भिंत घालायची ती धुरात आणि मोनॉक्साइडमध्ये, आणि भिंत पुरी होत आली की आतला गॅस साठत जातो, तेव्हा स्फोटाचा धोका सगळ्यात जास्त.

मामाजींनी हे एकदाच सविस्तर सांगितलं होतं, लाइट गेलेले होते आणि आम्ही सगळे गच्चीवर झोपलो होतो तेव्हा. त्यांची टीम पाच जणांची. पुढे कॅप्टन, सगळ्यात मागे व्हाईस कॅप्टन, मध्ये तिघं. कोणीही एकटा आत जात नाही आणि एकाचं मशीन बिघडलं तर पाचही परत फिरतात, त्यात चर्चा नाही. मागे ताज्या हवेच्या जागी, बेसवर, दुसरी टीम मशीन लावून तयार बसलेली, आधीची अडकली तर तिला आणायला. त्या दिवशी विटा हातोहात पुढे जात होत्या. "सुरवातीले वीट थंडी लागे," मामाजी म्हणाले, "मंग कोमट. मंग हातमोज्यातून बी चटका." दिव्याचा उजेड हातभर पुढे जाऊन धुरात विरत होता. समोरचा दिसत नव्हता, फक्त त्याच्या हाताला वीट लागली की ती ओढली जायची, ती ओढ लागली की कळायचं तो उभा आहे. एकदा वीट पुढे केली आणि ओढलीच गेली नाही. मामाजी थांबले. हॉर्न वाजवायला हात नेला, तेवढ्यात पलीकडून वीट ओढली गेली, तो माणूस नुसता खाली वाकून सांडलेला चुना सारखा करत होता. एवढंच. पण ते सांगताना गच्चीवरच्या अंधारात मामाजी जरा वेळ थांबले होते. भिंत झाली, सगळी माणसं खाणीबाहेर काढली, आणि नंतर हवेचे नमुने घेत राहिले. आग मेली. काही दिवसांनी खाण चालू झाली. पाळीवर शेकडो माणसं पुन्हा उतरायला लागली.

यातल्या एकाचाही जीव मामाजींनी "वाचवला" असं कुठल्या कागदावर लिहिता येत नाही.

त्या पोराला जी यादी दिसत होती ती जीवन रक्षा पदकाची. मी नंतर त्याचे नियम वाचले. 1961 साली सुरू झालेलं पदक, तीन पायऱ्या, सर्वोत्तम, उत्तम आणि नुसतं जीवन रक्षा पदक. पदकावर अभयमुद्रेतला हात आहे. पाण्यातून, आगीतून आणि खाणीतल्या बचावातून माणसाचा जीव वाचवण्यासाठी ते द्यायचं असं त्याच्या नियमांत सुरुवातीपासून आहे. खाण तिथे नाव घेऊन आली आहे, हे वाचून मला खरंच बरं वाटलं. आणि ते योग्य माणसाला मिळालंयसुद्धा. बंगालमधल्या राणीगंजच्या महावीर कोलियरीत 13 नोव्हेंबर 1989 ला पाणी घुसलं, 6 जण बुडाले आणि 65 जण आत अडकले. बोअर पाडून त्यांना खायला पाठवलं गेलं, आणि मग साधारण 22 इंच रुंदीच्या भोकातून लोखंडी कॅप्सूल सोडायचं ठरलं. ती घेऊन आत कोणी जायचं हा प्रश्न आला तेव्हा जसवंत सिंग गिल नावाचे इंजिनिअर स्वतः उतरले. एकेक करून 65 माणसं वर पाठवली आणि सगळ्यात शेवटी स्वतः आले. 16 नोव्हेंबर. 1991 साली त्यांना सर्वोत्तम जीवन रक्षा पदक मिळालं. 22 इंच म्हणजे किती हे मी एकदा टेपनं मोजून बघितलं, खांदे आकसूनच जावं लागतं त्यात. त्या माणसापुढे मान झुकते, आणि पुढे मी जे म्हणणार आहे त्यानं त्यांच्या पदकाचं एक ग्रॅमही वजन कमी होत नाही.

पण चासनाला आठवून बघा. 27 डिसेंबर 1975. धनबादजवळच्या त्या खाणीत जुन्या बंद कामातलं पाणी फुटून आलं आणि 375 माणसं गेली. एकही जिवंत निघाला नाही. पाणी उपसायला आठवडेच्या आठवडे लागले, पहिलं प्रेत हाती यायलासुद्धा. त्यानंतर कोणीतरी आत गेलंच ना? चिखलात, सडक्या हवेत, पाठीवर मशीन लावून, जिथे कोणी हाक देणार नाही हे पक्कं माहीत आहे तिथे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, म्हणजे चासनालाच्या महिनाभर आधी, आपल्या नागपूरजवळच्या सिलेवाड्यात पाणी घुसून 10 जण गेले होते. त्याआधी 1954 च्या डिसेंबरात परासियाकडे न्यूटन चिखलीच्या खाणीत 63. पाणी घुसलेल्या खाणीचं हे असं असतं, बहुतेक वेळा जे व्हायचं ते पहिल्या काही मिनिटांतच होऊन जातं आणि रेस्क्यूवाल्यांच्या वाट्याला जे उरतं त्याला इंग्रजी रिपोर्टात रिकव्हरी म्हणतात. महावीर कोलियरी हा अपवाद होता. अपवादाला पदक आणि नियमाला काही नाही, असं काहीसं होऊन बसलंय.

मामाजींच्या वाट्याला आलेल्यातली एक गोष्ट मला मामीनं सांगितली, मामाजींनी कधीच नाही. छत बसलं होतं एका गॅलरीत, खाली एक तरुण मुलगा सापडला, लग्न ठरलेला. रेस्क्यूवाले पोचले तेव्हा तो गेलेला आहे हे जवळजवळ नक्की होतं, पण जवळजवळवर काम थांबवता येत नाही. वरचं छत अजून बोलत होतं, म्हणजे कटकट आवाज करत होतं, कधीही अजून खाली येईल. टेका लावायचा, थोडा दगड हातानं काढायचा, पुन्हा टेका, पुन्हा दगड. खोदायची मशीन लावायची तिथे तर मुलाच्या अंगाची चाळण होईल म्हणून सब्बल आणि हात. रात्रभर चाललं. सकाळी वर आणलं तेव्हा त्याची आई इन्क्लाइनच्या, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या तिरप्या वाटेच्या, तोंडाशी बसलेली होती. तिनं चेहऱ्यावरचं फडकं बाजूला केलं, पदरानं त्याच्या कपाळावरचा कोळसा पुसला, आणि मामाजींना म्हणाली, "तोंड तरी पाहाले भेटलं रे बाबा." पुढे कितीतरी वर्षं ती बाई दिवाळीला मामाजींकडे अनारसे पाठवायची. मामी ते देवापुढे ठेवायची आणि मामाजी त्यातला एकही खायचे नाहीत, आम्हा पोरांना वाटून टाकायचे. का खात नव्हते ते मी विचारलं नाही आणि आता विचारावंसं वाटतही नाही.

हे मोजायचं कशात? जीव वाचवण्याच्या पदकात हे बसत नाही हे मला कळतं, आणि बसवूही नये. त्या पदकाची अट त्याच्या नावातच आहे. पण मग दुसरं काही हवं ना.

जगात इतरांनी हा प्रश्न कसा सोडवलाय ते मी थोडं शोधलं. इंग्रजांनी 1907 साली एडवर्ड मेडल काढलं, खाणी आणि दगडखाणींतल्या धाडसासाठी, तेही आपल्यासारखंच, एका कृत्यासाठीचं. 1971 मध्ये ते बंद झालं आणि हयात असलेल्यांना बदल्यात जॉर्ज क्रॉस दिला गेला. जर्मनीचं वेगळं निघालं. तिथे खाणबचाव दलाचं खास सरकारी मानचिन्ह आहे. ते सुरू झालं 1930 च्या दशकात, म्हणजे अत्यंत वाईट राजवटीत, आणि तेव्हा त्यावर त्या राजवटीचं चिन्हही होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. युद्धानंतर ते चिन्ह गेलं आणि तिथल्या राज्यांनी ते मानचिन्ह नव्या रूपात पुढे चालवलं. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की ते दलात बरीच वर्षं सेवा केली म्हणून मिळतं. कोणाला वाचवलं ही अट नाही. इतकी वर्षं तू प्रॅक्टिस चुकवली नाहीस, बोलावलं तेव्हा आलास, आत गेलास, म्हणून राज्य तुला हे देतंय. जर्मन रेस्क्यूवाल्यांची कीर्ती जुनी आहे. 1906 साली फ्रान्समधल्या कुरिएरच्या खाणीत स्फोट होऊन 1099 माणसं गेली तेव्हा सीमेपलीकडून वेस्टफालियाचे रेस्क्यूवाले आपली मशीनं घेऊन धावले होते, दोन देशांत किती वाकडं होतं त्या काळी हे बघता ते केवढं मोठं होतं. त्यांनाही तिथे बहुतेक प्रेतंच मिळाली. पण त्या खाणीतून 20 दिवसांनी 13 माणसं आपल्या पायांनी चालत वर आली, सगळे मेले असं धरून चालल्यावर. म्हणून म्हणते, कोणी जिवंत नाही हे माहीत असूनही आत जाणारी माणसं तयार असावी लागतात.

आपल्याकडे सेवेसाठी पदकं नाहीत असं नाही. पोलिसांना आहेत, अग्निशमन दलाला आहेत, होमगार्ड आणि नागरी संरक्षणवाल्यांना आहेत, तुरुंगात काम करणाऱ्यांनाही आहेत, आणि असायलाच हवीत. जीवन रक्षा पदकाच्या नियमातही म्हटलंय की सैन्य, पोलीस, अग्निशमन दल यांच्या माणसांना हे पदक ड्युटीबाहेरच्या कामासाठीच मिळेल, कारण ड्युटीसाठी त्यांची त्यांची पदकं आहेतच. खाणीच्या रेस्क्यूवाल्याचं नाव त्या सेवापदकांत कुठेच नाही. त्याला एकच दार उघडं आहे, ते म्हणजे कोणाला तरी जिवंत वर आणणं, आणि ते त्याच्या हातात नसतं. पोईडीहच्या खाणीतल्या 1936 च्या स्फोटात 209 माणसं गेली, त्यानंतरच्या काळात आपल्याकडे रेस्क्यूचे नियम आले, धनसार आणि सीतारामपूरला स्टेशनं झाली, नंतर 1985 चे नियम आले, मशीनं बदलली, मुनियांच्या जागी हातात मावणारे डिटेक्टर आले. हे सगळं झालं आणि खूप चांगलं झालं. मग ज्यांच्या जोरावर हे चालतं त्या माणसांना देशानं एकदा तरी नाव घेऊन हाक मारावी एवढं मागणं जास्त आहे का?

माझी एक मैत्रीण आहे, युनियनमध्ये काम करते, ती यावर माझ्याशी भांडली. म्हणाली पदकं काय करायचीत, रेस्क्यूचा भत्ता वाढवायला सांग, ठेकेदारीवरच्या पोरांना ट्रेनिंग मिळत नाही त्यावर लिही. तिचं खरं आहे. पोटाला पदक लागत नाही. आणि पदकांचं काय होतं तेही मला माहीत आहे, चार वर्षांनी ती वशिल्यानं वाटली जातील, जो साहेबाच्या जवळ तो पुढे, ही भीती मलाही आहे. तरी मी मागे हटत नाही. भत्ता हा कंपनी आणि कामगार यांच्यातला व्यवहार आहे. पदक देश देतो, आणि ते दिलं की नोंद होते. आज तुम्ही कितीही शोधा, त्या भिंतीमागे धुमसणाऱ्या आगीशी कोण कोण लढलं याची यादी लोकांसमोर कुठेच नाही. मेलेल्यांची यादी खाण खात्याकडे तारीखवार आहे, पण वाचवणाऱ्यांची, आणि आत जाऊनही ज्यांना कोणाला वाचवता आलं नाही त्यांची, नाही.

आणखी एक म्हणणं असतं की आता अंडरग्राउंड खाणी राहिल्यात किती, बहुतेक सगळा कोळसा ओपनकास्टमधून, म्हणजे वरून उघड्या खाणींतून, निघतो. आमच्या लहानपणच्या कितीतरी इन्क्लाइनी आता बंद आहेत, हेही खरं. पण जमिनीखाली माणसं जायची काही थांबलेली नाहीत. 2023 च्या नोव्हेंबरात उत्तराखंडातल्या सिलक्यारात बोगदा खचला, 41 मजूर 17 दिवस आत होते, मोठं मशीन शेवटच्या काही मीटरवर मोडलं आणि हातानं खोदणारी रॅट होल मायनर माणसं आत रांगत गेली तेव्हा ते 41 बाहेर आले. आख्खा देश टीव्हीसमोर बसला होता. ज्या दिवशी तसं काही होतं त्या दिवशी सगळ्यांना ही माणसं आठवतात. मामाजींसारख्यांच्या आयुष्यात तसा दिवस आलाच नाही, त्यात त्यांचा काय दोष.

मागच्या आठवड्यात मामाजींना फोन केला आणि सगळं सांगितलं, की खाणीच्या रेस्क्यूवाल्यांना सेवेसाठी पदक द्या असं पत्र मी लिहिणार आहे, खाणींच्या सुरक्षेचं खातं श्रम मंत्रालयात आणि पदकं गृह मंत्रालयात, म्हणून दोघांनाही. मला वाटलं हसतील किंवा नको म्हणतील. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सुट्टं नको लिहू बेटा. एकल्याले नको. पाचही जणाले द्याले लाव." मी म्हटलं बरं. मग थोड्या वेळानं, "आन कॅप्टनले मोठं, बाकीच्याले लहान, असं बी नको." ते स्वतः पुढे कॅप्टन झाले होते, तरी. मी तेही लिहून घेतलं. मग त्यांनी मला विचारलं की बेसवर जी टीम बसलेली असते तिचं काय. ती टीम मशीन लावून, घाम गाळत, आतल्यांचा हॉर्न ऐकत तासन्‌तास बसते आणि पाच जण धड वर आले की मशीन काढून घरी जाते. आतच गेली नाही, मग तिची सेवा धरणार की नाही? "आम्ही आत जाऊ शकत होतो ते ते लोक होते म्हणून," मामाजी म्हणाले, आणि मग त्या टीममधल्या एकाबद्दल सांगत बसले, तो आता वणीकडे असतो, गुडघे गेलेत त्याचे, शेती पोरगा बघतो.

मला हे सुचलंच नसतं. पत्राच्या खर्ड्यात आता त्याचं वेगळं कलम टाकलंय, की प्रत्यक्ष आत गेलेली टीम आणि बेसवर राखीव बसलेली टीम यांची सेवा सारखीच धरावी, वर्षं मोजताना प्रॅक्टिसचे आणि कॉलचे दोन्ही दिवस मोजावेत, आणि जे आता हयात नाहीत त्यांच्या घरी ते पाठवावं. कॉलचं रजिस्टर रेस्क्यू स्टेशनवर ठेवलेलंच असतं, नावं त्यातून निघतील. जुनी रजिस्टरं वाळवी लागायच्या आत कोणीतरी काढून बघायला हवीत, म्हणून ते वाक्य मी पत्रात सगळ्यात वर घेतलंय.